उज्जैनचे टपाल आणि परका मालक

उज्जैन म्हटले की आपल्याला महाकाल आठवतो, क्षिप्रेचा घाट आठवतो, कालिदास आठवतो. आम्हा गोमंतकीयांना त्याखेरीज आणखीही काही आठवायला हवे, पण ते सहसा आठवत नाही. ज्या महाकालेश्वराच्या देवळात आपण दर्शनाच्या रांगेत उभे राहतो, ते देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे केले राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. महादजींच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर हे तर आपल्या पेडण्यातल्या केरीचे. शिंद्यांची गादी १८१० पर्यंत उज्जैनलाच होती. पुढे दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी कायम केली आणि तिचेच 'लष्कर' नावाचे शहर झाले. उज्जैन मात्र थेट १९४८ पर्यंत शिंद्यांच्याच संस्थानात राहिले. तेव्हा उज्जैनचा इतिहास आपल्याला तसा घरचाच.

हे उज्जैन मला अलीकडे पुन्हा आठवले ते मात्र एका अगदीच वेगळ्या बातमीमुळे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. टिकटॉकची चिनी मालकी काढा, नाही तर गाशा गुंडाळा, असा त्याचा अर्थ. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. मग मुदतीमागून मुदती वाढत गेल्या आणि शेवटी २२ जानेवारी २०२६ रोजी टिकटॉकचा अमेरिकेतला कारभार एका नव्या कंपनीकडे गेला. ओरॅकल, सिल्व्हर लेक आणि अबू धाबीची एमजीएक्स यांचा प्रत्येकी १५ टक्के वाटा, आणि मूळच्या बाइटडान्सकडे २० टक्क्यांहून थोडा कमी. गंमत पाहा! परका मालक नको म्हणून एवढा खटाटोप झाला आणि नव्या मालकांत एक परका पुन्हा आलाच. फक्त तो सरकारला चालणारा होता.

आपण हे सारे आधीच करून बसलो होतो, तेही एका रात्रीत. गलवानच्या चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, २९ जून २०२० रोजी, भारत सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केली. टिकटॉक वापरणारे भारतात तेव्हा सुमारे २० कोटी होते असे सांगितले जाई, आणि त्यांतले पुष्कळसे लहान शहरांतले आणि गावांतले होते.

त्या वेळी टाळ्या वाजल्या, आणि वाजवणाऱ्यांना मी दोष देत नाही. सीमेवर वीस जवान मारले गेले होते. पण टाळ्या थांबल्यावर जो प्रश्न उरतो तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोडवत नाही. निरोप नेणारा परका असला म्हणजे नेमके काय बिघडते? आणि सरकारने दाब देऊन त्याला हटवले म्हणजे निरोप धाडणाऱ्याच्या पदरात काय पडते?

हा प्रश्न उज्जैनला विचारावा, कारण उज्जैनच्या निरोपांवर दीडशे वर्षे दोन सत्तांची नजर होती. एक घरची, एक परकी. कोणती घरची आणि कोणती परकी हे मात्र कोण बोलतो त्यावर ठरे.

सुरुवात शिंदेशाहीच्या भरभराटीपासून करू. तेव्हा वर्तमानपत्रे नव्हती, पण वर्तमान होते! प्रत्येक दरबारात इतर दरबारांचे वकील बसत. कोणाला खिलत मिळाली, कोणाची फौज पगारासाठी धरणे धरून बसली, कोण आजारी आहे, कोण आजारपणाचे सोंग करतो आहे, हे सारे वकील लिहून धाडत. त्याखेरीज अखबारनवीस होते, त्यांचे कामच बातम्या टिपण्याचे. दिल्लीहून हिंगण्यांनी पेशव्यांना धाडलेली पत्रे आज छापील आहेत; ती वाचताना आपण दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावतो आहोत असे वाटत राहते. पोर्तुगीजही या खेळात मागे नव्हते. त्यांचे पुणे दरबारातले वकील नारायण शेणवी धुमे हे आपलेच. पोर्तुगीजांच्या या हिंदू वकिलांची हकीकत डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरातून खणून काढली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे.

आता इंग्रजांच्या बाजूने पाहा. त्यांना धास्ती होती ती फ्रेंचांची. लॉर्ड वेलस्लीने १७९९ साली कलकत्त्याच्या छापखान्यांसाठी नियम केले. पत्रावर छापणाऱ्याचे नाव हवे, मालकाने आणि संपादकाने आपला पत्ता सरकारला कळवायचा, आणि अंक निघण्याआधी सरकारी सचिवाच्या नजरेखालून गेला पाहिजे. नियम मोडणाऱ्याची शिक्षा एकच, जहाजात बसवून युरोपला रवानगी. चारच वर्षांनी, ३० डिसेंबर १८०३ रोजी, सुर्जी अंजनगावचा तह झाला. त्यात दौलतराव शिंद्यांकडून लिहून घेतले की कोणाही फ्रेंच माणसाला, किंवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनाला, ते चाकरीत ठेवणार नाहीत. महादजींची कवायती फौज उभी केली होती द बॉयनने, ती पुढे चालवली पेराँने. इंग्रजांची भीती अगदीच हवेतली नव्हती.

त्यानंतरची पायरी महत्त्वाची. जून १८१७ च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीरावाकडून कबूल करून घेतले की इतर दरबारांतले आपले वकील ते परत बोलावतील आणि त्यांचे वकील आपल्याकडे ठेवणार नाहीत. जो काही बोलव्यवहार होईल तो इंग्रज रेसिडेंटाच्या मार्फत. फौज नंतर गेली, मुलूख नंतर गेला. आधी गेला निरोप! पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीला बाजीरावाची फौज इंग्रजांशी लढत होती, आणि त्याच दिवशी तिकडे ग्वाल्हेरीस दौलतराव इंग्रजांशी तह करत होते. वकील काढून घेतल्यामुळेच असे झाले असे मी म्हणणार नाही. कारणे पुष्कळ होती. पण मराठ्यांच्या दोन दरबारांना एकमेकांशी उजळ माथ्याने बोलायचा रस्ता उरला नव्हता, एवढे खरे.

फ्रेंचांची भीती खरी होती. पण त्या भीतीपोटी जो अधिकार हातात घेतला, तो फ्रेंच गेल्यावर सोडला का? नाही. वॉटर्लू होऊन दोन वर्षे झाल्यावरचा हा पुणे तह आहे! परक्याच्या भीतीतून घेतलेला अधिकार परका गेल्यावरही शिल्लक राहतो, हा इतिहासाचा पहिला धडा.

आता सामान्य माणसाकडे येऊ, कारण वकील-बातमीपत्रे हा शेवटी दरबारी मामला. सामान्य माणसाचा निरोप म्हणजे टपाल. १८३७ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या हद्दीत पैसे घेऊन पत्रे नेण्याचा हक्क फक्त स्वतःकडे घेतला. खासगी डाक बेकायदा ठरली. संस्थानांत हा कायदा चालत नव्हता. तिथे आपापली व्यवस्था होती. पण पत्र काही संस्थानाच्या वेशीवर थांबत नाही. उज्जैनच्या माणसाची बहीण पुण्याला, भाऊ झाशीला, व्याही बडोद्याला. वेस ओलांडली की ते पत्र इंग्रजांच्या हातात पडे, आणि इंग्रजी हद्दीत शिंद्यांच्या टपालाला विचारतो कोण?

यावर १८८५ साली तोडगा निघाला. ग्वाल्हेर संस्थानाने इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला. असाच करार पतियाळाने एक वर्ष आधी केला होता. नाभा आणि जिंदने ग्वाल्हेरच्या बरोबरीने केला. चंबा आणि फरीदकोटने एक वर्षाने. करार असा : संस्थानाचे टपाल खाते संस्थानाकडेच राहील, पण ते हिंदुस्थानच्या टपालाच्या नियमांनी चालेल. तिकिटे इंग्रज सरकारची. त्यांवर संस्थानाचे नाव छापून ती छापणावळीच्या खर्चात संस्थानाला मिळतील, आणि ती लावलेले पत्र सबंध हिंदुस्थानात जाईल.

ही तिकिटे मी पाहिली आहेत. उज्जैनला एका मराठी घरी गेलो होतो, तिथल्या आजोबांनी जुन्या पत्रांचा गठ्ठा सोडून दाखवला. काही मोडीत, काही बाळबोधीत. कोणाच्या मुंजीचे आमंत्रण, कोणाला मुलगी झाल्याची वार्ता, एका पोस्टकार्डावर तर फक्त हिंगाची मागणी! आणि प्रत्येकावर तेच तिकीट. मधोमध विलायतेच्या राणीचा किंवा राजाचा चेहरा आणि त्याच्यावर काळ्या शाईत दोन ओळी, एक इंग्रजीत आणि दुसरी देवनागरीत 'ग्वालियर'. दरबार मराठा, पत्र मराठी, पण तिकिटावरचा शब्द हिंदी वळणाचा आणि चेहरा लंडनचा. पासष्ट वर्षे ही तिकिटे चालली. व्हिक्टोरिया गेली, एडवर्ड आला, दोन जॉर्ज आले. त्या अवधीत ग्वाल्हेरच्या गादीवरही महाराज बदलले. शिंद्यांचा चेहरा त्यावर कधीच आला नाही.

याला गुलामी म्हणायचे की सोय? मी त्या गठ्ठ्याकडे पाहत असताना मला वाटले, दोन्ही. हिंगाची मागणी करणाऱ्या बाईला तिकिटावर कोणाचा चेहरा आहे याने काय फरक पडत होता? तिचे कार्ड पोचत होते, आणि स्वस्तात पोचत होते. सबंध देशभर एकच दर, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच १८८५ साली इंग्रजांनी तारेचा कायदा केला. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षिततेसाठी कोणाचीही तार अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार सरकारला त्यात दिला. १८९८ च्या टपाल कायद्यात पत्रांसाठीही तशीच तरतूद आली. म्हणजे सोय आणि पाळत एकाच थैलीतून आल्या.

आणि मग मालक बदलला! परका गेला, स्वराज्य आले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले, ग्वाल्हेर त्यात विलीन झाले, १९५० मध्ये संस्थानी टपालही भारत सरकारच्या टपालात मिसळले. तिकिटावर अशोकस्तंभ आला. ते पाहून उज्जैनकरांना जो आनंद झाला असेल तो खराच. पण १८८५ चा तारेचा कायदा? तो तसाच राहिला. १८९८ चा टपालाचा कायदाही तसाच राहिला. टेलिफोन चोरून ऐकण्याला निदान काही शिस्त हवी, हुकूम कोणी द्यायचा, किती दिवसांसाठी द्यायचा, त्याची तपासणी कोणी करायची, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले १९९६ साली. कायदा झाल्यापासून एकशे अकरा वर्षांनी, आणि परका मालक जाऊन जवळजवळ पन्नास वर्षांनी! त्या दोन कायद्यांच्या जागी नवे कायदे आले ते २०२३ साली. अडवण्याचा अधिकार त्यांतही आहेच. सांगायचा मुद्दा असा की मालक बदलल्याने पत्र उघडणारा हात बदलतो. पत्र उघडणे थांबत नाही. ते थांबते, किंवा निदान आवरते, ते कायद्यातल्या अटींनी आणि त्या अटी पाळायला लावणाऱ्या न्यायालयाने.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच जास्त अवघड आहे. परका मालक कधी कधी आसराही असतो.

ग्वाल्हेर संस्थानाचे स्वतःचे पत्र होते, 'जयाजी प्रताप'. माधवराव शिंद्यांच्या काळात, १९०५ साली ते निघाले. दरबारचे पत्र दरबारावर काय टीका करणार? उज्जैनच्या मराठी माणसाला आपल्याच राज्यकर्त्यांविषयी खरेखोटे, तिखटमीठ लावून का होईना, वाचायचे असेल तर पत्र यायला हवे पुण्याहून नाही तर मुंबईहून. म्हणजे संस्थानाच्या हद्दीबाहेरून. दरबारच्या दृष्टीने ते परक्या मालकीचेच. १८६७ च्या छापखान्याच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अंकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव-ठिकाण छापलेले असे; पण ते ठिकाण पुण्यातले! संस्थानिकाचा शिपाई तिथे जाणार कसा?

असा पेच महाराष्ट्रात एकदा न्यायालयात गेला होता, तो कोल्हापूरचा. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तरुण महाराजांचा छळ करतात असे 'केसरी' आणि 'मराठा' यांनी लिहिले, आणि काही पत्रेही छापली. बर्व्यांना पुण्यातली पत्रे बंद करता येणे शक्यच नव्हते. त्यांनी इंग्रजी हद्दीतल्या न्यायालयात अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. लक्षात घ्या, पुराव्याच्या बाबतीत पत्रे चुकली होती. बर्व्यांचे नुकसान खरे होते. म्हणजे बाहेरून येणारे पत्र नेहमी खरेच बोलते असेही नाही. पण निकाल कसा लागला? उघड न्यायालयात, दोन्ही बाजू ऐकून, अमुक मजकूर खोटा म्हणून अमुक माणसांना अमुक दिवसांची शिक्षा. 'केसरी' बंद झाला नाही. आणि वर्षभराने, १८८३ च्या अखेरीस, ते कोल्हापूरचे तरुण महाराज अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत मरण पावले, तेव्हा लोकांना कळले की पत्रे बनावट असली तरी काळजी बनावट नव्हती.

संस्थानिकांना हा रस्ता लांबचा आणि खर्चाचा वाटे. त्यांनी इंग्रज सरकारकडे धोशा लावला. १९२२ साली संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लेखनाला शिक्षा ठरवणारे विधेयक दिल्लीच्या कायदेमंडळात आले. कायदेमंडळाने ते मांडायलाच परवानगी नाकारली! तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून ते मंजूर केले. १९३४ साली संस्थानांच्या बचावासाठी आणखी एक कायदा झाला. म्हणजे उज्जैनच्या वाचकाने पुण्याच्या पत्रात काय वाचावे यावर दाब आला तो शिंद्यांच्या राजवाड्यातून नव्हे, दिल्लीतून. दोन सत्तांचे एरवी काहीही असो, वाचकाच्या डोळ्यावर हात ठेवताना त्या एक झाल्या.

हे वाचताना गोमंतकीयाला वेगळे काही सांगायला हवे का? सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापायचा प्रत्येक शब्द आधी सेन्सॉरच्या टेबलावर जाई. आपल्या लोकांनी काय केले? हद्द ओलांडली. मुंबईला छापले, बेळगावला छापले आणि चोरून आत आणले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून 'गोव्याचा स्वातंत्र्य आवाज' सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी तो पुढे कॅसलरॉकहून डिसेंबर १९६१ पर्यंत चालवला. कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. लिस्बनच्या दृष्टीने तो काय होता? परक्या भूमीवरून, परक्या सत्तेच्या आश्रयाने चाललेला अपप्रचार. आमच्या दृष्टीने तो घरचा आवाज होता. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पाखल्यांच्या हाती त्या काळी एका कळीने तो आवाज बंद करायची सोय असती तर त्यांनी ती वापरली नसती असे कोणी म्हणेल का?

आता आजच्याकडे येऊ. वर्तमानपत्रांच्या बाबतीत भारत सरकारचे धोरण निदान उघड होते. १९५५ साली मंत्रिमंडळाने ठराव केला की परक्या मालकीचे वर्तमानपत्र भारतात निघणार नाही. २००२ साली २६ टक्क्यांपर्यंत परके भांडवल चालेल असे ठरले. २०१९ साली तीच मर्यादा इंटरनेटवरच्या बातम्यांना लागली. कोणाला पटो न पटो, नियम आधी लिहिलेला होता. समाजमाध्यमे मात्र या कुंपणाबाहेर वाढली. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, ट्विटर, सगळ्यांचे मालक समुद्रापलीकडे. त्यांनी पैसा इथे मिळवला, आणि जबाबदारी विचारली की बोट तिकडे दाखवले. म्हणून फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी सांगितले की पन्नास लाखांहून अधिक सभासद असलेल्या माध्यमाने भारतात राहणारा जबाबदार अधिकारी नेमलाच पाहिजे. मला तरी हे वावगे वाटत नाही. १८६७ च्या कायद्याने अंकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव मागितले, तशातलाच हा प्रकार. ज्याच्यावर दावा करता येईल असा हाडामांसाचा माणूस इथे हवा. नाही तर उज्जैनच्या एखाद्या मुलीचे चित्र कोणी विटंबून टाकले तर तिच्या बापाने कॅलिफोर्नियाला जायचे का?

पण त्याच अधिकाऱ्याच्या मानेवर सरकारचाही हात असतो, हे विसरून चालणार नाही. कलम ६९ अ खाली निघणारे हुकूम नियमानेच गुप्त राहतात. आपले लिखाण का दिसेनासे झाले हे लिहिणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही. डोंगरीच्या तुरुंगात बसलेल्या आगरकरांना आपण तिथे का आहोत हे पक्के ठाऊक होते! सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात हे कलम कायम ठेवले, ते त्यात कारणे लेखी देण्याची आणि बाजू ऐकून घेण्याची सोय आहे या आधारावर. ती सोय रोजच्या व्यवहारात किती पाळली जाते यावर त्या कलमाची इभ्रत आहे.

आणि देशी मालक आला म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. ट्विटरला उत्तर म्हणून बंगळूरहून 'कू' निघाले. मंत्र्यांनी खाती उघडली, कौतुक झाले, भारतीय भाषांत लिहिण्याची सोय तिथे खरोखर चांगली होती. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले, कारण पैसा पुरला नाही. त्यात कोणाचा देशद्रोह नव्हता. दुकान चालले नाही एवढेच. पण तिथे चार वर्षे लिहिणाऱ्याला 'मालक आपला होता' हे समाधान कितीसे पुरणार?

म्हणून परक्या मालकीविषयी कोणी मला विचारले की बाजू कोणती, तर मी तीन प्रश्न उलट विचारतो. पहिला, हुकूम लेखी आहे का आणि त्यात कारण दिले आहे का? दुसरा, ज्याचे लिखाण अडले त्याला दाद मागायला उघड्या दाराचे न्यायालय आहे का? तिसरा, मालक बदलला किंवा दुकान बंद झाले तर लिहिणाऱ्याची प्रत लिहिणाऱ्याकडे राहते का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील तर चिनी, अमेरिकन, अबू धाबीचा की आपला, या चौकशीला अर्थ आहे. ती जरूर करावी. उत्तरे 'नाही' असतील तर मालकाचा पासपोर्ट तपासून आपल्या हाती फक्त तिकिटावरचा नवा चेहरा येतो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारकडून आणि न्यायालयाकडून मिळवायची आहेत, आणि त्याला वेळ लागेल. तिसरे मात्र आपल्या हातात आहे. उज्जैनच्या त्या घरातली पत्रे राहिली ती शिंद्यांच्या टपालामुळे नाहीत की इंग्रजांच्या टपालामुळे नाहीत. घरच्यांनी ती फडक्यात बांधून ठेवली म्हणून राहिली. गेल्या वीसेक वर्षांत गोव्यातून जे मराठी लेखन झाले, देवळांच्या हकीकती, जुन्या नाट्यमंडळ्यांच्या आठवणी, गावागावांचे इतिहास, त्यातले पुष्कळसे केवळ परक्या कंपन्यांच्या यंत्रांवर आहे. त्याची दुसरी प्रत कोणाकडेच नाही. वाचकहो, तुमच्यापैकी जे लिहितात त्यांना माझी एवढीच विनंती आहे. या आठवड्यात आपले लिखाण उतरवून घ्या, छापून एक प्रत घरात ठेवा आणि जमल्यास एक गावच्या वाचनालयात द्या. तिथे मालक बदलायला अजून तरी कोणी टपलेला नाही.